चाळिसाचे वीस कसे झाले

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी ज्योतिषी नाही. गेली कित्येक वर्षं लोक माझ्यासमोर देवासमोर बसावं तसे बसले आणि काम फिसकटलं की माझ्याच माथी खापर फोडून गेले. आज मला टेबलावरून उतरवून जमिनीवर ठेवलंय. दुपारी भंगारवाला येणार आहे. तेव्हा आता कुणाची भीडभाड ठेवण्याचं मला काही कारण उरलेलं नाही.

माझा जन्म एका दुरुस्तीच्या दुकानात झाला. बंद पडलेल्या दोन संगणकांचे शाबूत भाग काढून कारागिरानं मला जुळवलं. त्यामुळे माझी पेटी काळी आणि पडदा करडा. हसायचं असेल तर हसा, पण मी पहिल्याच बटणाला सुरू झालो होतो. मला विकत घेतलं सरांनी. सर म्हणजे प्रवेश मार्गदर्शन केंद्राचे चालक, मालक आणि शिपाईही. दातांच्या दवाखान्याच्या वर त्यांची एक खोली होती. तिथे काचेचं टेबल, त्यांची फिरती खुर्ची, पालकांसाठी एक बाक आणि मान मुरगळलेला पंखा एवढाच संसार होता.

माझं काम सरळ होतं. दूरच्या शहरात एक मोठं तंत्र विद्यापीठ आहे. तिथे जागा मूठभर आणि येणारी मुलं पोतंभर. सर दर वर्षी आपल्याकडे आलेल्या मुलांचे सराव परीक्षांचे गुण आणि पुढे त्यांना तिथे प्रवेश मिळाला की नाही, हे माझ्यात भरत. नवं मूल आलं की त्याचे गुण घालायचे आणि मी सांगायचं, असे गुण असलेल्या शंभर मुलांमधली आजवर इतकी आत गेली. बस्स! मागे काय घडलं तेवढं मला ठाऊक. उद्याचं मी कधी बोललो नाही.

पण माझा पडदा सरांकडे असे आणि पाठ पालकांकडे. बिचारे माझ्या पाठीवरच्या धुळीकडे आशेनं बघत राहत. आकडा उमटला की सर चष्मा काढत, पुसत, पुन्हा लावत आणि दहा कमी करून सांगत. मी सत्तर दाखवले की म्हणत, "साठ धरा." प्रवेश मिळाला तर सरांच्या मार्गदर्शनाचा विजय, टेबलावर मिठाईचा डबा. नाही मिळाला तर "मी म्हटलंच होतं." दोन्हीकडून सर सुखरूप! माझ्यापुढे त्या डब्याचा साधा कागदही कुणी ठेवला नाही.

सर वाईट नव्हते, हे मी आजही सांगेन. एकदा एका मुलाला त्यांनी खरा आकडा सांगितला आणि त्याला प्रवेश मिळाला नाही. त्याच्या काकांनी येऊन भर जिन्यात सरांना नाही नाही ते सुनावलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पण ताक निदान स्वतःचं तरी असावं. सर दुसऱ्यांच्या मुलांचं ताक फुंकत होते आणि मला त्याचा भयंकर राग येई.

एका वर्षी लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ आले. अंगात कामावरचे निळे कपडे, कोपरापर्यंत वंगण. मुलगी शाळेत होती, तिचे गुण त्यांना तोंडपाठ होते. त्यांची अडचण अशी, की तंत्र विद्यापीठाची परीक्षा आणि घराजवळच्या कॉलेजची परीक्षा एकाच दिवशी होती. जवळचं कॉलेज जवळजवळ नक्की मिळणारं. विद्यापीठाच्या मागे लागावं, तर ते कॉलेज सोडावं लागणार आणि दोन्हींकडून हात रिकामे राहिले तर मुलीचं वर्ष जाणार. सरांनी गुण घातले. मी चाळीस दाखवले. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तीसेक धरा." वडिलांनी मान हलवली आणि ते गेले.

पुढच्या आठवड्यात ते मुलीला घेऊन आले. जवळच्याच कॉलेजचं पक्कं करायला आलो, म्हणाले. मुलगी बाकावर खांदे पाडून बसली होती, तिच्या तोंडावरची माशीही हलत नव्हती. सरांनी तिची माहिती उघडली, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बोलायला बाहेर गॅलरीत गेले. मुलगी जरा वेळ माझ्या पाठीकडे बघत राहिली. मग उठली आणि तिनं मला सरळ दोन्ही हातांनी धरून फिरवलं. इतक्या वर्षांत प्रथमच माझं तोंड बाकाकडे झालं.

"अगं, हात लावू नकोस, सरांचं आहे ते!" वडील म्हणाले.

"बाबा, इथे चाळीस आहे. तुम्ही तर वीस म्हणालात."

"सरांनी तीस सांगितलं होतं मला."

"मग त्यातले दहा कुठे गेले?"

"ते मी कापले," वडील म्हणाले. "आमच्या कामात असंच असतं, पोरी. दोर वीस माणसं उचलतो, आम्ही पाटीवर आठच लिहितो. बाकीचं हातचं राखून ठेवायचं. म्हणून तर माझी एकही लिफ्ट आजवर पडली नाही."

"आणि तुमच्या विसाचं आईनं काय केलं माहितेय? म्हणाली, वीस म्हणजे नसल्यातच जमा!"

खरं सांगतो, मला हात असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. चाळीस निघाले होते माझ्या तोंडून आणि मायेची तीन माणसं ओलांडून त्या मुलीपर्यंत पोचेस्तोवर त्यांचं काहीही उरलं नव्हतं.

"लिफ्ट पडली तर माणसं मरतात, बाबा," मुलगी म्हणाली. "मी पडले तर उठेन."

"वर्ष जाईल त्याचं काय?"

"जाईल. माझं जाईल ना?"

तेवढ्यात सर आत आले. "हे काय, हा कुणी फिरवला?"

"मी. सर, तुम्ही दहा का कापलेत?"

"बाळ, अपेक्षाभंग होऊ नये म्हणून."

"अपेक्षा माझी आहे, भंग झाला तर माझाच होईल. तुम्ही दोघं तो आधीच का वाटून घेताय?"

वडिलांनी खाली बघून बाहीनं कपाळ पुसलं, त्यामुळे कपाळाला वंगण मात्र लागलं. मग म्हणाले, "चल. विद्यापीठाचीच दे."

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर तुम्ही खूश झाला असतात. पण मुलीला प्रवेश मिळाला नाही. जवळचं कॉलेजही हातचं गेलं होतं. निकालानंतर वडील आणि मुलगी पुन्हा आले तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि माझ्या पडद्यावरचा तो चाळीस मलाच खुपत होता. सरांनी सवयीनं सुरुवात केली, "मी म्हटलंच..."

"रडून झालंय माझं, सर," ती म्हणाली. "विद्यापीठाला नाही म्हणायचं होतं, ते त्यानं म्हटलं. घरी बसून मीच स्वतःला नाही म्हणाले असते, तर जन्मभर चुटपुट राहिली असती. मी पुन्हा बसणार आहे, सरावाचे नवे गुण आणलेत. घालाल का?"

सरांनी घातले. दुसऱ्यांदा बसलेल्या मुलांची सगळी जुनी नोंद मी चाळली आणि पंचावन्न दाखवले. सरांचा हात चष्म्याकडे गेला. तेव्हा वडील बाकावरून उठले, टेबलाला वळसा घालून सरांच्या बाजूला आले आणि अगदी अदबीनं म्हणाले, "सर, चष्मा राहू द्या. आहे तेवढं सांगा."

सरांनी चष्म्याकडे गेलेला हात खाली घेतला. मग त्यांनी मुलीकडे बघून पंचावन्न म्हटलं.

परवा माझ्या जागी नवा संगणक आला. चपटा आहे, देखणा आहे, आकडे झटपट काढतो. त्याचा मला हेवा नाही. मला पुसून ठेवा, जपा, भंगारात घालू नका, असलं काही मी तुमच्याकडे मागणार नाही. माझे भाग आधीही कुणाचे तरी होते, पुढेही कुणाच्या तरी उपयोगी पडतील. मागणं एकच आहे. तुमच्याबद्दलही कुणी ना कुणी आकडा काढेल आणि तो तुमच्यापर्यंत प्रेमळ माणसांच्या हातांतून येईल. त्यांच्यावर रागावू नका, पण मूळ आकडा किती होता, हे विचारल्याशिवाय उठू नका. आणि तो कळल्यावरही काय करायचं ते तुम्हीच ठरवा. आम्हा यंत्रांना त्यातलं काही कळत नाही.

आज त्या विद्यापीठाची परीक्षा आहे. निकालाचं मला विचारू नका. असे गुण असलेल्या शंभरांतल्या पंचेचाळीस मुलांना आजवर नकार मिळाला आहे आणि तो तिलाही पुन्हा मिळू शकतो. हे तिला पक्कं ठाऊक आहे. आणि ती या क्षणी पेपर लिहिते आहे.