रामजन्माच्या क्षणी उठलेली कळ

रामनवमीच्या दुपारी मार्तंडबुवांना चौघांनी धरून दवाखान्याच्या अपघात विभागात आणलं, तेव्हा कंपाउंडर आधी कापूस-पट्टीकडेच धावला. बुवांचं डोकं, कपाळ, उपरणं, सगळं लालेलाल.

"गुलाल हाय गा तो," मागून त्यांच्या पत्नी कौशल्याबाई म्हणाल्या. "फुटलं नाही, नुसतं दुखून राहिलं."

घाबरलेली माणसंसुद्धा हसली. इतवारीतल्या देवळात बुवा रामजन्माचं कीर्तन करून आले होते, आणि ते ज्यानं ऐकलं त्याला वर्षभर दुसरं गोड लागत नसे.

मोठे डॉक्टर गिरिधर यांनी जाता जाता नजर टाकली. सकाळपासून निर्जळी उपास, नागपूरचं चैत्रातलं ऊन, वरून ओकारी. पित्तच हे, इंजेक्शन द्या नि घरी धाडा, असं ते म्हणाले. घरच्यांचंही तेच मत होतं. कौशल्याबाईंनी सुंठवडा आणि लिंबाचं सरबत देऊन पाहिलंच होतं. बुवांना तर घाई झालेली. संध्याकाळी काटोलला कीर्तन, संत्र्याच्या बागायतदारांनी मांडव घालून ठेवलेला.

डॉक्टर चारुशीला नवीनच कामाला लागली होती. तिनं इंजेक्शन भरायला घेतलं. पण बापाच्या मांडीवर बसून कीर्तनं ऐकलेली पोर ती. बुवांना सुई टोचायची तर दोन शब्द बोलल्याशिवाय कशी टोचणार? दुखणं सुरू झालं तेव्हा आख्यान कुठवर आलं होतं, तिनं सहज विचारलं.

"जन्मच झाला बाई. मी पाळण्याची दोरी ओढली, अन् त्याच झटक्यात मस्तकात कोणी घण घातला. असं कधी दुखलं नाही मले."

चारुशीलेचा हात थांबला. उपासाचं डोकं सकाळपासून कुरकुरत असतं, उन्हासारखं हळूहळू चढतं. हे तर एका क्षणात, पुरतंच्या पुरतं आलं होतं. आणि क्षण कोणता, तर सारा मांडव घड्याळाकडे डोळे लावून बसतो तोच. त्यात चुकीला जागा कुठली? तिनं बुवांना हनुवटी छातीला टेकवायला सांगितली. देवापुढे नि पोरासोरांपुढेही लवणारी ती मान लाकडासारखी ताठ झाली होती. तिनं हात घालून डोकं उचललं, तर खांदेही बरोबर उचलले गेले.

ती गिरिधरांकडे धावली. ते परत आले, तपासलं आणि म्हणाले, "पित्त माझंच खवळलं होतं म्हण. पाठीतलं पाणी काढ."

तोवर बुवा खाटेवरून पाय खाली सोडून बसले होते. आता बरं वाटतं, बस चुकेल, म्हणत होते. चारुशीलेनं काही लपवलं नाही. मेंदूवरची नस फुटली असावी, आता जरा थांबली असेल, पण वाटेत पुन्हा फुटली तर माणूस काटोलला पोचायचा नाही. बुवांनी हात जोडले, रामाची इच्छा म्हणाले.

कौशल्याबाई पुढे आल्या. "रामानंच तुमाले इथं आणून टाकलं, अन् तुमी त्याच्याच मनाविरुद्ध बस धरून राहिले. त्याचा जन्म गाजवला ना? मंग आता त्याचं ऐका. पडा तिथं."

बुवा निमूट आडवे झाले.

पाठीतून पाणी थेंब थेंब उतरलं. एकामागून एक नळ्या भरल्या. शेवटचीही पहिलीइतकीच लाल. सुईनं खरचटलं असतं तर रंग फिका होत गेला असता. मेंदूभोवती असतं तेच हे पाणी, म्हणजे रक्त वरूनच आलं होतं. शंका मिटली. काटोलला बुवांच्या साथीला असणाऱ्या पेटीवाल्या रुपरावांनी जमेल तसं कीर्तन उभं केलं आणि सगळ्या मांडवाकडून बुवांसाठी नाम घेववलं. इकडे पुढच्या तपासात नसेवरचा फुगा सापडला, आणि मेंदूच्या सर्जननी डोकं उघडून त्याला चिमटा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे खाटेभोवती उभे होते. हातपाय हलत होते. वाचा शाबूत आहे की नाही, तेवढं कळायचं होतं. चारुशीला वाकून म्हणाली, "बोला बुवा. काहीही बोला."

बुवांनी डोळे उघडले, बायकोकडे पाहिलं.

"काहून रडून राहिली वं? अजून तर आख्यानाले सुरुवात बी नाही झाली."

आणि केलीच की सुरुवात. आवाज खोल गेलेला, पण शब्द एकही अडखळेना. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कुशीवर वळला, नर्स ट्रे घेऊन तशीच थांबली, दारात दोघं-तिघं जमले. सर्जननी विश्रांतीचं नाव काढलं, पण कोणाला ऐकू गेलं नाही.

कौशल्याबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि चारुशीलेला कोपरखळी दिली. "बोला म्हणून तुमीच म्हटलं ना बाई? आता थांबवा बी तुमीच."