गुरुवारपर्यंत चार कवळ्या

माझ्या नाकावर राग असतो, हे मला कुणी सांगायला नको. तीस वर्षं कवळ्यांचा धंदा सांभाळायचा म्हणजे कुणाच्या तरी नाकावर तो असावाच लागतो. धंदा म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत माझं टेबल, फोन आणि कवळ्या घासून चकचकीत करायचं चाक. मागच्या खोलीत खिडकीखाली माझ्या धाकट्या दिराचं, भावजींचं टेबल. नवरा स्कूटरवरून डॉक्टरांकडची जबड्यांची मापं आणतो, त्यांवरून प्लास्टरचे साचे ओततो आणि तयार कवळ्या पोचवतो. तो बोलत नाही. घरातलं बोलणं माझ्या वाट्याला आलंय आणि मी ते मन लावून करते.

दात बसवायचे ते मात्र भावजींनीच. साच्यावर मेणाची कड असते, तिच्यात एकेक दात रोवायचा. सुरी दिव्यावर धरायची, मेण सैल करायचं, दात केसभर आत घ्यायचा, केसभर बाहेर. असे वरचे चौदा, खालचे चौदा. मग डॉक्टर ती मेणाची कवळी माणसाच्या तोंडात घालून बघतात आणि पसंत पडली की आम्ही मेणाच्या जागी पक्कं प्लास्टिक भरतो. भावजी दिवसाला दोन कवळ्या लावायचे, तेही शीळ वाजवत. मी पुढच्या खोलीतून ओरडायचे की शीळ बंद करा, फोनवर डॉक्टर आहेत. ते दोन मिनिटं बंद करायचे.

मग धाकटी गेली. धाकटी म्हणजे माझी जाऊ, भावजींची बायको. आठ दिवस ताप आला आणि नवव्या दिवशी ती नव्हती. सव्वीस वर्षं ती रोज एक वाजता डबे घेऊन यायची. आम्ही चौघं माझ्या टेबलावरचे कागद सरकवून जेवायचो, आणि ती बरोब्बर माझ्यासमोर बसायची. मी कुणावर तरी तोंड सोडलेलं असायचं आणि ती हसायची. माझ्या रागाला हसणारं घरात तेवढं एकच माणूस होतं. ती गेली तेव्हा मी रडले नाही. मला सवड नव्हती, कुणीतरी खोल्या उघडायला हव्या होत्या.

भावजी सोळाव्या दिवशी कामावर आले. बरं झालं, असं मी म्हटलं. कामात माणूस विसरतो, हे माझं ठाम मत होतं आणि मी ते सगळ्यांना ऐकवलंही होतं.

पण पुढच्या सात महिन्यांत दिवसाला दोन कवळ्यांची एक झाली, मग दोन दिवसांत एक, मग तीन दिवसांत एक. भावजी वेळेवर यायचे, टेबलाशी बसायचे, उठायचे ते जेवायलाच. मी डोकावून बघावं तर डाव्या हातात साचा, उजव्या हातात सुरी, आणि नजर साच्यावर लागलेली. सुरी कधीच गार झालेली असायची. शीळ तर नाहीच. एक कवळी डॉक्टरांकडून परत आली. बाईंचं म्हणणं होतं की सगळे दात नवे करून घेतेय तर त्यात एक वाकडा कशाला. समोरच्या दोन दातांच्या शेजारचा, डावीकडचा, तिरपा बसला होता. मी भावजींना विचारलं की लक्ष कुठं असतं तुमचं. ते म्हणाले, चुकलं, आणि तो सरळ करून दिला. त्या एका दाताला त्यांनी अख्खी दुपार लावली.

सोमवारी डॉक्टरांचा फोन आला. आमचं निम्म्याहून जास्त काम या एका डॉक्टरांचं. माणूस सज्जन आहे, त्यामुळे जे बोलले ते फार सावकाश बोलले. चार कवळ्या तीन आठवडे रखडल्यात, चार माणसं दात नसल्यामुळे पातळ खाऊन दिवस काढतायत, गुरुवारी संध्याकाळी निदान मेणाच्या चारही हातात पडल्या नाहीत तर पुढचं काम दुसरीकडे द्यावं लागेल. मग जरा थांबून म्हणाले की तुमच्या दिरांना आता विश्रांती द्या आणि एखादा नवा कारागीर बघा. मी काय बोलणार? आपलेच दात अन् आपलेच ओठ.

विश्रांती! त्या घरात भावजी विश्रांती घेऊन काय करणार होते? मूलबाळ नाही. सकाळी उठून दोन कपांपैकी कुठला घ्यायचा याचा विचार करत दुपार करतील. हे टेबल गेलं तर हा माणूस खचेल, हे मला लख्ख दिसत होतं, आणि मला त्याची भीती वाटत होती. मी भ्यायले की जास्त ओरडते.

मी लेकीला फोन लावला. लेक मोठ्या कचेरीत आहे, माणसांकडून काम कसं करून घ्यावं याचे तिथे वर्ग भरतात. तिने भराभर सांगितलं. फोन समोर ठेवू द्यायचा नाही. टेबल खिडकीपासून हलवायचं. काम लहान तुकड्यांत वाटून भिंतीवर यादी लावायची, तुकडा झाला की बरोबरची खूण. पंचवीस मिनिटांचं घड्याळ लावायचं, ते वाजलं की पाच मिनिटं सुट्टी. हे सांगताना तिचं स्वतःचं काम बाजूला पडलं होतं आणि मागून कुणीतरी तिला हाका मारत होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! पण मी सगळं लिहून घेतलं.

मंगळवारी मी आणि नवऱ्याने टेबल भिंतीकडे ओढलं. यादी लावली. घरातलं अंडी उकडायचं घड्याळ आणून भावजींच्या कोपराशी ठेवलं. भावजी स्टूल उचलून टेबलामागे आले. घड्याळ पहिल्यांदा वाजलं तेव्हा ते इतके दचकले की हातातला दात उडाला, आणि पुढची पाच मिनिटं आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून तो शोधत होतो. म्हणजे सुट्टी तरी नेमकी पाच मिनिटांचीच झाली. संध्याकाळपर्यंत यादीवर एक खूण पडली नव्हती. पालथ्या घड्यावर पाणी. नवरा म्हणाला, "होईल." त्या दिवसातलं त्याचं हे एकच वाक्य, आणि त्यावर मी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

बुधवारी सकाळी मी लवकर जाऊन खोल्या उघडल्या. म्हटलं, भावजी खुणा करत नाहीत तर आपणच बघावं कुठवर आलंय. त्यांच्या टेबलाखाली लहान कपाट आहे, अर्धवट काम ते त्यात ठेवतात आणि दार लावून घेतात. मी कधी ते उघडलं नव्हतं. कारागिराच्या कपाटात हात घालू नये, हे सासऱ्यांनी मला पहिल्या दिवशी शिकवलेलं.

उघडलं. चारही कवळ्या एका ओळीत ठेवलेल्या होत्या आणि चारही लागलेल्या होत्या. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात, मेण पुसून स्वच्छ केलेलं. मला वाटलं, माणूस वेडा की काय, काम झालंय आणि बोलत नाही. मग मी चष्मा लावला.

चार निरनिराळ्या माणसांचे जबडे होते. एक रुंद, एक अरुंद, एकाचे दात पांढरे, एकाचे पिवळसर. आणि चारही ठिकाणी डावीकडचा तो दात शेजारच्यावर जरासा रेललेला, एखादं माणूस गप्पा मारताना दाराला टेकून उभं राहतं तसा. मी तो दात सव्वीस वर्षं रोज एक वाजता बघितला होता. चारही साच्यांवर धाकटी हसत होती.

मी तिथेच फरशीवर बसले. भावजी आले तेव्हाही मी बसलेलीच होते. त्यांनी उघडं कपाट बघितलं, मला बघितलं, आणि शाळेत पकडलेल्या पोरासारखे दारात उभे राहिले. सगळ्या जगाला त्यांच्या मनाची चंचलता दिसत होती, आणि हा माणूस सात महिने एकाच गोष्टीवर मन लावून बसला होता. काखेत कळसा आणि मी गावभर वळसा घालत होते, हातात अंड्यांचं घड्याळ घेऊन.

मी विचारलं, "कधीपासून?"

ते स्टुलावर बसले आणि मग हळूहळू सगळं सांगितलं. दात बसवायला त्यांना अजूनही वेळ लागत नाही. हात आपोआप चालतो, तासाभरात समोरचे सगळे लागतात. पण पुरं झाल्यावर बघावं तर तो एक दात असा. मुद्दाम नाही, हात करतो. मग तो सरळ करायचा असतो, कारण कवळी दुसऱ्याची आहे, आणि तिथे सगळा दिवस जातो.

"सुरी तापवतो," ते म्हणाले, "मेण सैल होतं, तोवर ठीक असतं. मग दात सरळ करायचा. वहिनी, तो सरळ केला की ती जाते. समोर असते आणि मी तिला घालवतो. एकदा गेली तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. आता रोज माझ्याच हातानं."

सगळे सल्ले आठवले, पण यावर लेकीच्या कचेरीत काही शिकवत नसणार. मग मी मला जे येतं ते केलं. माझी खुर्ची आत ओढून आणली.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "तो एक दात मी लावते. बाकीचे तुम्ही. इकडे द्या."

दात बसवायला मलाही सासऱ्यांनीच शिकवलं होतं, लग्न होऊन आले त्या वर्षी, भावजींच्या शेजारी बसवून. पुढे गिऱ्हाईक आणि फोन माझ्याकडे आले आणि ते सुटलं. पण हात विसरत नाही. भावजींनी पहिल्या साच्यावरचा तो दात मान वळवून काढला आणि रिकामी जागा माझ्यापुढे धरली. मी सुरी तापवली. त्यांना बरं वाटावं म्हणून तोंड चालूच ठेवलं. डॉक्टर किती सावकाश बोलतात त्याची नक्कल केली, टेबल परत खिडकीखाली नेऊ म्हटलं, आणि बोलता बोलता दात मेणात रोवला, अंगठ्याने दाबला, गार केला आणि त्यांच्यापुढे धरला.

"हं, झाला," मी म्हटलं.

भावजींनी साचा माझ्याकडे वळवला. मग मी बघितलं. दात शेजारच्यावर रेललेला होता.

हाताची सवय गेलीय, असं काहीतरी पुटपुटत मी तो काढला. पुन्हा मेण सैल केलं. या खेपेला बोलले नाही, श्वास रोखून लावला, दोन्ही बाजूंनी बघत बघत सरळ लावला. चष्मा पुसला आणि बघितलं. तसाच. तितकाच तिरपा, तोच कोन. माझ्यासमोर कागद सरकवून, डब्याचं झाकण हातात धरून ती हसत होती आणि विचारत होती की आज कुणाचा नंबर.

मग मी रडले. सात महिन्यांचं सगळं, सकाळी साडेदहा वाजता, ऐन कामाच्या वेळी, हातात दुसऱ्याची कवळी घेऊन रडले. मला ती हवी होती. माझ्यावर हसायला मला ती हवी होती, आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, मला स्वतःलासुद्धा नाही. पुढच्या खोलीत फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही. नवरा दारात आला, उभा राहिला आणि पाण्याचे दोन पेले ठेवून गेला.

भावजींनी माझ्या हातातून साचा काढून घेतला.

"द्या इकडे, वहिनी," ते म्हणाले. "तुम्हाला नाही जमायचं."

त्यांनी सुरी दिव्यावर धरली, मेणात फिरवली आणि दात सरळ केला. एका दमात केला. हात थांबला नाही. साचा बाजूला ठेवून त्यांनी दुसरा घेतला, तोही केला. मग तिसरा. मी शेजारी बसून डोळे पुसत होते आणि सुरी पुसून देत होते. चौथ्याला मात्र त्यांचा हात दातापाशी येऊन थबकला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी साचा माझ्या दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि त्यांनी तो चौथाही सरळ केला.

चारही कवळ्या टेबलावर होत्या. सरळ, सुबक, परक्या माणसांच्या. भावजी त्यांच्याकडे बघत राहिले, मग म्हणाले की लग्नानंतर महिनाभर ती हसताना तोंडावर हात धरायची, त्या दातापायी. मला हे ठाऊक नव्हतं. मी विचारलं, मग हात काढला कधी? ते म्हणाले, तुम्ही पहिल्यांदा तिच्यासमोर दादावर ओरडलात ना, त्या दिवशी. तिला इतकं हसू आलं की हात वर न्यायचं राहूनच गेलं.

मी म्हटलं, अजून सांगा. त्यांनी पुढचा साचा ओढला, मेणाची कड लावायला घेतली, आणि सांगायला लागले.