मुठीतला स्पीकर

तलवारीच्या मुठीचे चारही स्क्रू सीमाने तिसऱ्यांदा काढले आणि बशीत टाकले. आतला बिस्किटाएवढा स्पीकर चिमटीत धरून तिने बाहेर ओढला आणि त्याच्या दोन वायरींना पेन्सिल सेल टेकवला. ‘खट्’ असा बारीक आवाज झाला.

“स्पीकर जिवंत आहे,” ती म्हणाली.

“मग वाजत का नाही?” तिचा नवरा काशिनाथ खिडकीशी उभा होता. “हलक्या प्रतीचा असेल.”

सीमाने मान वर केली नाही. वसईच्या एका कारखान्यात ती अकरा वर्षं रेडिओ जोडत होती. हलका स्पीकर कसा खरखरतो, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

फुलपाड्यातल्या त्यांच्या सोसायटीचं नाटक परवा, रविवारी होतं. राजा नेहमीप्रमाणे काशिनाथ. यंदाची तलवार शापित होती. म्यानातून निघाली की ती गरजायची आणि त्या गर्जनेवर दुसऱ्या अंकाचा पडदा पडायचा. आधी कॅसेटवरचा आवाज लावून पाहिला. एकदा तो तलवारीच्या आधीच आला, एकदा तलवार परत म्यानात गेल्यावर. तेव्हा काशिनाथनेच सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “आमची सीमा आवाज तलवारीतच बसवून देईल.”

तिने तो बसवला. ॲल्युमिनियमच्या पट्टीचं पातं, प्लास्टिकच्या पाइपची मूठ, मुठीत सर्किट, बॅटरी आणि अंगठ्याखाली बेलच्या बटणासारखं एक बटण. घरी तलवार अशी गरजली की शेजारच्या एमिलीबाई बघायला आल्या. काल तालमीत मात्र तीनदा मुकी राहिली. दिग्दर्शक लुईस शांतपणे म्हणाला, “काशिनाथ, राहू दे. लाकडी घे.” घरी आल्यापासून काशिनाथ स्पीकरवरच बोलत होता.

तिने बॅटरी बदलली. सगळ्या जोडांवर पुन्हा सोल्डर फिरवलं. मुठीचे स्क्रू न लावताच बटण दाबलं. तलवार गरजली. दहा वेळा दाबलं, दहाही वेळा गरजली.

“धरा.”

काशिनाथने ती उजव्या हातात घेतली, छाती पुढे काढली, पातं वर नेलं. आवाज नाही.

“बघ,” तो म्हणाला. “हलवली की आतलं काहीतरी सुटतं.”

सीमाने तलवार हिसकावून घेतली आणि खोलीभर गरागरा फिरवली. ती गरजतच राहिली. तिने ती पलंगावर आपटली, तरी गरजली.

“काही सुटत नाही. बटण दाबायचं असतं, एवढंच. तेही तुम्हाला सांगायचं?”

“दाबतोय ना मी.”

“दाबताय म्हणे. या इकडे.”

तिने आपलं बोट बटणावर आडवं ठेवलं. “आता माझ्या बोटावर दाबा. बघू दे, कुठे दाबता ते.”

काशिनाथने अंगठा तिच्या बोटावर टेकवला. त्याचा जबडा घट्ट झाला, मानेची शीर वर आली. सीमा दाब येण्याची वाट पाहत राहिली. अंगठा तिच्या बोटावर नुसता टेकलेला होता.

“दाबा,” ती म्हणाली. या वेळी हळू.

“दाबतोय.”

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. गेले काही दिवस तो जेवताना चपातीचा तुकडा डाव्या हाताने मोडत होता, आणि त्यावरून ती त्याला दोनदा बोललीही होती.

“कधीपासून?”

“दिवाळीच्या आसपास.” त्याने अंगठा काढून घेतला. “दुखत नाही गं. नुसतं ऐकत नाही.”

“आणि मी कालपासून सोल्डर करत बसलेय.”

“लुईसला कळलं असतं, तर राजाचं काम पास्कलला गेलं असतं.”

सोल्डर गन पुन्हा तापेपर्यंत सीमा समोरच्या भिंतीकडे पाहत बसली. मग तिने बटणाच्या वायरी तोडल्या, मुठीच्या दुसऱ्या बाजूला नवं भोक पाडलं आणि बटण तिथे बसवलं. पहिला जोड तिने काढून पुन्हा केला.

“डाव्या हातात धरा. म्यान उजवीकडे बांधा.”

“राजा डावखुरा?”

“का? राजाने डावखुरं असू नये?”

त्याने डाव्या हाताने तलवार उपसली. ती गरजली. भिंतीपलीकडे एमिलीबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. काशिनाथने आणखी एकदा उपसून पाहिली, मग तलवार पलंगावर ठेवून तो तिच्याशेजारी बसला. सीमाने त्याचा उजवा हात मांडीवर घेतला आणि अंगठा बुडापासून टोकापर्यंत चेपत राहिली.

“रजा टाका,” ती म्हणाली. “डॉक्टरांकडे जायचंय. सोमवारी.”

“नाटक रविवारी आहे म्हणून?”

“नाहीतर आत्ताच नेलं असतं.”