नळ्या काढू नकोस

मासिकाच्या संपादकांनी मुखपृष्ठाचा विषय फोनवरच सांगून टाकला: माणसावर यंत्राची सत्ता. असली चित्रं म्हणजे चित्रकारबाईंच्या हातचा मळ. एक भलामोठा लोखंडी हात आणि त्याच्या तळव्यावर मुंगीएवढा माणूस, असं कच्चं चित्र त्यांनी एका बैठकीत उतरवलं. संपादक खूश झाले. म्हणाले, आता फक्त रंग भरा.

ते चित्र पिशवीत घालूनच बाई डायलिसिसला गेल्या. त्यांच्या मूत्रपिंडांनी संप पुकारल्याला वर्षं लोटली होती. एक दिवसाआड खुर्चीत पडून अंगातलं रक्त मशीनकडून धुऊन घ्यायचं, हे आता नोकरीसारखंच झालं होतं. शेजारच्या खुर्चीत ड्रायव्हरकाका असत. उभा जन्म बस चालवण्यात गेलेला, त्यामुळे मशीनवर पडल्या पडल्याही त्यांचा उजवा पाय अधूनमधून ब्रेक दाबायचा.

काकांनी चित्र लांब धरून नीट पाहिलं. "याला हातानं धरून ठेवलंय होय," ते म्हणाले. "आपल्या मशीनला कुठं हात आहेत? आपण आपल्या पायांनी येतो. वर एखाद्या दिवशी ते बंद असलं की तोंडचं पाणी पळतं."

बाईंना ते वर्मी लागलं. पुढच्या खेपेला त्या कोरा कागद घेऊन आल्या. डाव्या हाताला सुया टोचलेल्या, उजवा मोकळा. त्या काकांनाच रेखाटू लागल्या: खुर्ची, उशाशी उभं मशीन, दंडातून निघालेल्या दोन लाल नळ्या. काका तेव्हापासून केस विंचरून येऊ लागले.

"एक कर पोरी," ते एकदा म्हणाले, "नळ्या काढू नकोस."

वेळ संपली म्हणून त्यांच्या नळ्या काढायला आलेली नर्स जागीच थबकली. "अगं, चित्रातल्या म्हणतोय," काका म्हणाले, आणि तिघंही पोट धरून हसली. बाईंनी कागदावरच्या दोन्ही नळ्या खोडून टाकल्या.

मग एका दुपारी, पावसापाण्याविषयी बोलावं तसं काकांनी सांगितलं की पुढच्या आठवड्यापासून ते येणार नाहीत. हल्ली मशीनवर त्यांचा रक्तदाब कोसळायचा, पिंढऱ्यांत गोळे यायचे. एक दिवस इथं जायचा आणि दुसरा त्यातून सावरण्यात. काकूंशी बोलणं झालं होतं, मुलांचं रडून झालं होतं, डॉक्टरांनीही समजावून पाहिलं होतं. उरलेले थोडे दिवस त्यांना घरी, शुद्धीत, आपल्या माणसांत घालवायचे होते.

हे मशीन सोडताही येतं, हा विचार बाईंनी इतकी वर्षं मनाला शिवू दिला नव्हता. शेजारची खुर्ची रिकामी झाली तर तो दर खेपेला समोर येऊन बसणार होता.

"काका, चित्र अर्धंच आहे," त्या म्हणाल्या. "ते होईपर्यंत तरी या."

"बरं," काका म्हणाले. "तुझं चित्र होईपर्यंत."

आणि चित्र होईना. काका येत, दात आवळून पडून राहत, आणि बाई सेंटरमध्ये काढलेलं घरी जाऊन खोडत. कधी कान चुकला म्हणायचं, कधी हनुवटी. काकाही बिचारे हनुवटी वर करून बसत.

"चित्र केव्हाच झालंय," नवरा एकदा टेबलावरचा खोडरबराचा चुरा झाडत म्हणाला. "तू त्यांना बांधून ठेवलंयस."

पुढच्या खेपेला चित्रावर सही करून टाकायची, असं बाईंनी मनाशी ठरवलं.

त्याच खेपेला काकांचे डोळे फिरले. धावपळ झाली, त्यांना वरच्या मजल्यावर नेलं, श्वासाच्या मशीनला जोडलं. शुद्ध परत आलीच नाही. काही दिवसांनी सगळं तिथंच संपलं.

संपादकांचा तगादा चालू होता. बाईंनी लोखंडी हातात रंग भरला आणि चित्र पाठवून दिलं. अंक निघाला, लोकांनी तोंड भरून कौतुक केलं.

काकू सेंटरमध्ये आल्या त्या काकांची राहिलेली चादर न्यायला. बाई नुकत्याच मशीनला लागल्या होत्या. मान वर करायचा धीर होत नव्हता. त्यांनी चित्र पुढं केलं. काकूंनी ते दोन्ही हातांत घेतलं.

"चेहरा हुबेहूब आलाय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी म्हटलं होतं, नका जाऊ आज, अंगात त्राण नाही. तर म्हणाले, पोरीला शब्द दिलाय."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"पण हे घरी नाही नेणार मी," असं म्हणून त्यांनी कागद बाईंच्या मांडीवर अलगद ठेवला, चादरीची घडी केली आणि त्या दाराकडे चालू लागल्या. बाईंनी उठून त्यांच्यामागं जावं म्हटलं तर मशीन आत्ताच सुरू झालं होतं.