थोरलीची मागली सीट

"हे बघा अर्जुनराव, लांबच्या रस्त्याला थोरली ती थोरलीच," ज्योतीराम म्हणाला. धाकटीचा कार्ब्युरेटर त्याने रॉकेलच्या ताटलीत ठेवला आणि हात चिंधीला पुसले. "धाकटी घाटाची. बोकडावानी चढती. पर तीस मैल झालं की हाताला मुंग्या येत्यात, दात वाजायला लागत्यात. थोरलीवर बसून तुमी नाशकाला जावा. उतरल्यावर वाटंल, आत्ता घरनं निघालो."

"तुम्ही गेला होता का नाशकाला?"

"न्हाई. जायाचंय."

अर्जुनराव मोठ्यांदा हसले. ते पिंपरीचे. औषधाच्या नव्या कारखान्याला मुरूम पुरवायचे. दोन्हींतली एखादी गाडी मिळाली तर बघावी म्हणून ते सकाळीच महाळुंग्याला आले होते, आणि तासभर झाला तरी त्यांना फक्त ऐकायलाच मिळत होतं.

दोन्ही मोटारसायकली लढाईच्या वेळच्या. ज्योतीराम देहूरोडच्या लष्करी वर्कशॉपात फिटर होता. लढाई संपल्यावर भंगाराच्या लिलावात त्याने आधी इंग्लिश घेतली, एका सिलिंडरची. दोन वर्षांनी अमेरिकन घेतली. ती अशी रुंद आणि बुटकी, की गोठ्यातली म्हैस वाटावी. पाय ठेवायला फळ्या, पायात क्लच, टाकीच्या कडेला हाताचा गिअर, आणि स्प्रिंगांवर बसवलेलं परातीएवढं कातडी खोगीर. आधी आली ती आकाराने लहान म्हणून धाकटी, नंतर आली ती थोरली. गाव म्हणायचं, ज्योतीरामाच्या दोन बायका. बायको रंभा म्हणायची, "तिसरी मी. माझ्या वाट्याला चूल."

"मग थोरलीच द्या की मला," अर्जुनराव म्हणाले.

"ती कशी देऊ? गुढीपाडव्याला ओतूरला जायाचंय तिच्यावर. मंडळी म्हायेरी हायती, त्यांना आणायचंय."

थोरलीचा मागचा मडगार्ड काढून भिंतीला टेकवला होता. मागे एक कातडी सीट नुसती पुढच्या दोन बोल्टांवर बसवलेली होती, खाली स्प्रिंगा लावलेली. मुळात थोरलीला मागे बसायला जागा नव्हती, लष्कराने तिथे दारूगोळ्याच्या पेट्या ठेवायला लोखंडी जाळी दिलेली. ती जाळी काढून ज्योतीराम तिथे सीट बसवत होता. चार बोल्टांचं काम. गेली तीन वर्षं तो ते करत होता.

चाकणच्या पोस्टाचा शिपाई सायकलवरून उतरला तेव्हा साडेदहा वाजले होते. त्याने सायकल कुंपणाला लावली, टोपी सरळ केली आणि कागद पुढे केला.

तार इंग्रजीत होती. ज्योतीराम चौथीपर्यंत शिकलेला. शेजारचे नानासाहेब पेन्शनीतले मास्तर, गावातल्या तारा तेच वाचायचे. त्यांनी चष्मा लावला, एकदा मनात वाचलं, मग मोठ्याने सांगितलं, "रंभा अत्यवस्थ. ताबडतोब निघा."

रंभेला ओतूरला जाऊन बारा दिवस झाले होते. भावजयीला हाताखाली माणूस हवं म्हणून, पापड-कुरडयांना गेली होती. जाताना धडधाकट होती.

ज्योतीराम उठला तो थेट धाकटीकडे गेला. तिचा कार्ब्युरेटर ताटलीत, पेट्रोलची नळी सुटलेली, प्लग काढलेला; थोरली त्याहून जास्त उघडलेली. पाडव्याआधी दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उघडून, कुणाच्या प्लगाला किती काजळी धरते ते त्याला बघायचं होतं. हा त्याचा नादच होता. एकीचं उघडलं की दुसरीचंही उघडायचं, त्याशिवाय कोण कशी ते कळत नाही म्हणायचा.

"किती वेळ लागेल जोडायला?" अर्जुनरावांनी विचारलं.

"तास. कमीच."

"मग जोडा. मी बसतो मागं. दोन अडीच तासांत ओतूर."

ज्योतीरामाने कार्ब्युरेटर हातात घेतला. तेवढ्यात नानासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला जरा बाजूला नेलं.

"ज्योतीराम, मी ह्या गावात आजवर पाच तारा वाचल्या. पाचही अशाच होत्या. पाचही घरी माणूस आधीच गेलेलं होतं." त्यांचा आवाज अगदी हळू होता. "गेलं असं तारेत कुणी लिहीत नाही रे. वाटेत धक्का बसू नये म्हणून असं लिहितात."

ज्योतीरामाच्या हातात कार्ब्युरेटर तसाच होता.

"आता घाई करून काय हाती लागणार? अशा वेळी माणसानं गाडी चालवू नये. डोकं ठिकाणावर नसतं. एस.टी.नं जाऊ. मी येतो बरोबर."

मास्तरांचं बोलणं खोटं नव्हतं. ज्योतीरामाच्या बापाच्या वेळी मुंबईला चुलत्याला तार केली होती, तीही अशीच, आणि तेव्हा बाप ओसरीवर झाकून ठेवलेला होता. तार करायला तो स्वतःच गेला होता. त्याने कार्ब्युरेटर परत ताटलीत ठेवला. ठेवताना आवाज होऊ नये म्हणून अलगद ठेवला.

अर्जुनराव एकदा म्हणाले, "अहो, पण खरंच आजारी असल्या तर?" नानासाहेबांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

ज्योतीराम आणि नानासाहेब चाकणला येईपर्यंत साडेअकरा झाले. ओतूरच्या बाजूला जाणारी गाडी बाराला होती. पेठेतून जाताना ज्योतीराम थांबला. सवाष्ण गेली, तिला हिरवं लुगडं हवं. नवऱ्याकडचं हवं. रिकाम्या हाताने गेलं तर ओतूरची माणसं काय म्हणतील, आणि रंभा तरी काय म्हणेल, असं त्याच्या मनात आलं.

दुकानदाराने दोन लुगडी पुढे टाकली. एक जाड सुताचं, लाल काठांचं, टिकाऊ. दुसरं मऊ, बारीक काठांचं. ज्योतीरामाने दोन्ही हातात घेतली. एकाचा पोत बघितला, मग दुसऱ्याचा. उजेडात नेऊन रंग पाहिला. जाड नेसायला जड जाईल असं वाटलं. मग मऊ जास्त दिवस टिकणार नाही असं वाटलं. मग हे कशासाठी आहे ते आठवलं आणि तो खाली बसला.

"मऊ घे," नानासाहेब म्हणाले.

तोवर बाराची गाडी गेली होती. पुढची दोनला. फाट्यावर लिंबाखाली दोघे बसून राहिले. दोन मोटारसायकलींचा धनी मांडीवर कागदाचा पुडा घेऊन एस.टी.ची वाट बघत होता. समोरून एक मोटारसायकल खेडच्या दिशेने गेली. आवाजावरून ज्योतीरामाने ओळखलं, एका सिलिंडरची, धाकटीसारखीच. तिची चेन सैल झाली होती, वाजत होती. एरवी त्याने हाक मारून थांबवलं असतं.

रंभेला गाड्यांतलं काही कळत नाही असं तो धरून चालायचा. पण तिला आवाज कळायचा. देहूरोडहून तो परत येताना ओढ्यापलीकडे असला तरी ती ओळखायची, आज कुठली नेली होती. "धाकटी भांडती आणि थोरली पुटपुटती," असं म्हणायची. दुपारी तो नसताना थोरलीच्या खोगिरावर बसून तांदूळ निवडायची. तो एकदा अचानक आला तेव्हा उतरता उतरता तिचं सूप सांडलं होतं.

"काय गं, कुठं निघाली हुतीस?"

"ओतूरला," ती म्हणाली. "पोचलेच हुते, तुमी आडवे आलात."

आणि मग तांदूळ गोळा करता करता म्हणाली, "खरंच न्या की एकदा. गावातनं नको, म्हातारी माणसं बघत्यात. मी चालत ओढ्यापल्याड जाते, तिथनं बसवा. म्हायेरच्या वेशीतनं मात्र बसूनच जायाचं. सगळ्यांनी बघाय पायजे."

"नेईन. थोरलीला मागं सीट बसवतो, मग नेईन. राणीवानी बसून जाशील."

"धाकटीला हाय की सीट."

"तिच्यावर पाठ मोडंल तुझी."

"मोडू द्या. मला धाकटीबी चालंल."

हे तिने किती वेळा म्हटलं असेल ते त्याने मोजलं नव्हतं. त्याला तिच्यासाठी चांगलं तेच हवं होतं, आणि चांगलं कुठलं ते ठरत नव्हतं. एक सीट आणली, ती उंच झाली. दुसरीच्या स्प्रिंगा कडक होत्या. ही तिसरी वर्कशॉपातल्या एका मोडक्या साइडकारची, तिच्यावर त्याने स्वतः चार दिवस बसून पाहिलं होतं. ह्या खेपेला रंभा एस.टी.ने गेली तेव्हा त्याने फाट्यावर तिच्याजवळ शब्द दिला होता. पाडव्याला येतो, थोरलीवर.

"बगूया," असं ती एस.टी.च्या खिडकीतून म्हणाली, पण हसून म्हणाली.

नारायणगावला गाडी बदलावी लागली. ओतूरच्या वेशीत ते शिरले तेव्हा ऊन कलून गेलं होतं. घरापुढे माणसं बसली होती. ज्योतीरामाला बघून ती उठली, आणि आतून रडण्याचा आवाज वाढला. हे त्याने दिवसभर मनात बघितलेलंच होतं. त्यामुळे पाय ठरल्यासारखे आत गेले.

रंभेला भिंतीकडेला निजवलं होतं. तो खाली बसला आणि तिच्या हाताला हात लावला. हात अजून पुरता गार झाला नव्हता.

त्याने मान वर केली. सासू मंजुळाबाई उशाशी बसल्या होत्या.

"कवा?" त्याने विचारलं.

"चार वाजता." मंजुळाबाईंनी पदर तोंडाला लावला. "चार दिस ताप हुता. तारेचं बोलले तर म्हणायची, नगं, त्यांच्या कामात खोळंबा हुईल, पाडव्याला येणारच हायती. काल राती लईच वाढला तवा ह्यांनी सकाळी उठून तार केली. दुपारपातुर शुद्धीवर हुती, पाव्हणं. रस्त्यानं काय वाजलं की कान द्यायची. दोन अडीचला एक फटफटी गेली. मी म्हनलं, आलं बघ. तर म्हणली, न्हाई आये, ही आमची न्हाई. आमची आली की मला कळतं."

दाराशी उभे असलेले नानासाहेब वळून बाहेर गेले.

मग मंजुळाबाईंची नजर त्याच्या काखेतल्या पुड्यावर गेली. कागद एका कोपऱ्याला फाटला होता आणि त्यातून हिरवा काठ दिसत होता.

"हे वाटंत घेतलं?"

"चाकणला."

"कवा?"

त्याने खरं तेच सांगितलं. "बाराच्या सुमाराला."

बाराला रंभेने दोन घोट पेज घेतली होती. हे मंजुळाबाईंनी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही, पुढे तेराव्याला सांगितलं. त्यांनी फक्त हात पुढे केला, पुडा घेतला, आणि इतर बायकांना म्हणाल्या, "पाव्हण्यांनी आणलंय, हेच नेसवा."

दिवाळी झाल्यावर अर्जुनराव पुन्हा महाळुंग्याला आले. ज्योतीराम अंगणात धाकटीला तेल घालत होता. आता तो रोज तीच न्यायचा. तिचं काही उघडायचं झालं तर संध्याकाळी उघडून त्याच संध्याकाळी बंद करायचा, मग जेवायला बसायचा. नानासाहेब नेहमीसारखे बाजेवर बसले होते. ते रोज यायचे. त्या दिवसाबद्दल दोघे कधी बोलले नाहीत. गावात कुणी मास्तरांना दोष दिला की ज्योतीराम म्हणायचा, "त्यांनी सांगितलं खरं. पर कार्ब्युरेटर खाली मी ठेवला." त्यानंतर गावात दोन तारा आल्या. नानासाहेबांनी दोन्ही वेळा कागदावर होतं तेवढंच वाचलं आणि चष्मा काढून घरी गेले.

"मला अजून गाडी घ्यायचीच आहे," अर्जुनराव म्हणाले. "तुमच्याइतकं जाणणारं दुसरं कोण आहे? एकदाच सांगा. लांबच्या रस्त्याला चांगली कुठली?"

ज्योतीरामाने तेलाची कुपी खाली ठेवली. पूर्वी ह्या प्रश्नाला त्याला तासभर पुरायचा नाही.

"जी निघंल ती," तो म्हणाला.

अर्जुनरावांना वाटलं, आणखी काही बोलेल. त्याने पुन्हा कुपी उचलून तेल घालायला घेतलं. मग त्यांनी थोरलीकडे बोट दाखवलं. तिच्यावर गोणपाट घातलेलं होतं, चाकांतली हवा गेली होती.

"मग ती तरी देता का? नाहीतरी उभीच आहे."

"न्हाई."

"का? काय बिघडलंय तिचं?"

"बिघडलं काय न्हाई. काम ऱ्हायलंय."

अर्जुनरावांनी गोणपाट जरा उचलून पाहिलं. मागे कातडी सीट ठेवलेली होती. पुढचे दोन बोल्ट तारेच्या दिवसाआधीच आवळलेले होते. मागचे दोन अजून बाजेखालच्या ताटलीत होते. ते बसवायचे राहिले आहेत.