फ्रँकफर्ट–लिस्बन, तीन तास

"अठराशे पंचाहत्तर किलोमीटर म्हणे. आणि समोरचा वारा? तो काय यांचा जावई आहे, हिशेबात न धरायला?"

बाबा कॉम्प्युटरवरून काढलेल्या कागदाशी पुटपुटत होते. त्यांच्या कोपराशीच मी पोळ्या लाटत होते. रेणूने मिक्सरवरचा हात काढून घेतला. साडेआठ वाजले होते.

रोज सकाळी साडेआठला अमेरिकेतून, रेणूच्या पार्सिपनीच्या स्वयंपाकघरातून फ्रँकफर्ट–लिस्बन विमान सुटायचं. नकाशावर बाबांचं बोट सरकायचं. "लक्झेंबर्ग," ते म्हणायचे. मग बऱ्याच वेळाने, "पॅरिस गेलं." साडेअकराला ते उतरेपर्यंत घरात मिक्सर नाही, व्हॅक्यूम नाही. आम्ही दोघी चपला काढून वावरायचो.

प्रसन्न, माझा धाकटा भाऊ, रेणूचा नवरा, गेल्या मे महिन्यात ऑफिसच्या कामासाठी या विमानाने निघाला होता. शेजारच्या बाईंना वाटलं झोपलाय. त्यांनी त्याच्या अंगावरचं ब्लँकेटसुद्धा सारखं केलं. उतरल्यावर कळलं. नेमका कधी गेला, ते कोणालाच सांगता आलं नाही.

आता वर्षश्राद्ध आलं होतं, आणि त्या दिवशी वैशाख वद्य पंचमी संपून षष्ठी लागली होती ती विमान सुटल्यावर एक तास वीस मिनिटांनी. आधी गेला असेल तर पंचमी, नंतर असेल तर षष्ठी. भलत्या दिवशी पान वाढलं तर तो येणार कसा, हा बाबांचा घोर. लिस्बनचं घड्याळ फ्रँकफर्टपेक्षा तासभर मागे असतं, हे पहिले चार महिने त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. ते विमान दोन तासांत उतरवत होते. चूक कळली तेव्हा म्हणाले, "पोराला मी एक तास कमी दिला." आणि जेवले नाहीत.

हे सगळं आम्ही बोलायचो. त्या सकाळी विमानात चढण्यापूर्वी त्याने केलेल्या फोनबद्दल मात्र कोणीच नाही. फोन स्पीकरवर होता. आम्ही तिघंही याच टेबलाशी होतो.

दहाला दहा कमी असताना देवळातल्या गुरुजींचा फोन आला. रेणूने रिसीव्हरवर हात ठेवला.

"बाबा, ते विचारतायत. पंचमी की षष्ठी? त्यांना आजच बुकिंग कन्फर्म करायचंय."

बाबांचं बोट बिस्केच्या उपसागरावर थांबलं होतं.

"कुठलीही सांगा हो," मी म्हटलं. "तो काय पंचांग बघून येणारे?"

"पंचमी सांग," बाबा म्हणाले. "फोन केला तेव्हा पंचमीच होती."

रेणूने रिसीव्हरवरचा हात काढला नाही. बाबांनी चष्मा काढला.

"छातीत दुखतंय म्हणाला. मी म्हटलं, पित्त असेल. ताई म्हणाली, सोडा पी. तू म्हणालीस, मीटिंग आहे, फ्लाइट चुकवू नकोस. तो जमिनीवर होता, रेणू. आपण तिघांनी त्याला विमानात बसवला."