एकाच नळीवरचे दोघे

"आजोबा, मागे व्हा! मुकाबिका घेतलात की काय?" वीस दिवसांच्या नातीचं वजन करता करता नर्स ओरडली.

"नाही हो! नुसती हातात घेतली होती," भाता दचकून म्हणाला.

भाता म्हणजे काचकारखान्यातला जुना फुंकणारा. तीस वर्षं लोखंडी नळीतून फुंकून त्याने बरण्या फुगवल्या, म्हणून हे नाव. आज त्याच्या खालच्या ओठावर फोडांचा झुपका उठला होता.

"रात्री कोळी मुतला असेल," तो म्हणाला.

"बिचारा कोळी! फुकट बदनाम. हर्पीस आहे हा. लहानपणी कुणीतरी लाडाने मुका घेतला असेल, तेव्हापासून तुमच्यात मुक्कामाला आहे. ताप, ऊन, दगदग झाली की डोकं वर काढतो. मोठ्यांना नुसती आग होते, पण एवढ्याशा जिवाच्या जिवावर बेततं. मुका नाही, उष्टा पेला नाही."

"फोड गेल्यावर?"

"तरी अधूनमधून थुंकीतून येतोच. जायचा नाही तो."

भात्याला कारखान्यातली नळी आठवली. नळीवरचा त्याचा जुना जोडीदार निवृत्त झाला होता. त्यालाही असेच फोड यायचे. दोघांनी मिळून कोळ्याला शिव्या घातल्या होत्या. उद्यापासून जोडीला जावई येणार होता. मुकादमाच्या हातापाया पडून भात्यानेच ते जमवलं होतं. पहिली फुंक भात्याची, मग तीच नळी जावयाच्या तोंडात. बदलायची सोय नाही, तापलेली काच तिलाच चिकटलेली. पुसत बसलं तर काच थिजते. आणि घरी गेल्या गेल्या जावई आपल्या तान्ह्या पोरीच्या गालांवर तुटून पडायचा!

सांगावं तर नळी सुटणार, आणि दुसरं त्याला काही येत नव्हतं. न सांगावं तर... छे, छे! रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी त्याने मुकादमाला गाठलं. "मला नळी नको. बांधणीला बसवा."

"भात्या, वेड लागलंय का? आठ दिवसांत जाईल फोड!"

"फोड जाईल, रोग नाही जायचा. आणि कुणाच्या घरात लहान पोर नाही, सांगा."

भात्याने नळी सोडली एवढंच ऐकून जावई फणकारला, "मामा, माझ्याबरोबर काम करायचं नव्हतं तर आधी सांगायचं!"

"तुमच्याबरोबरच करायचं होतं हो, जावईबापू." भात्याला रडू फुटलं. "जाऊ द्या. घरी गेलात की माझ्या वाटणीचाही मुका घ्या तिचा."

आता तो कोपऱ्यात बसून बरण्या कागदात गुंडाळतो. समोर जावई नळी ओठाला लावतो, तेव्हा भात्याचे हात थांबतात आणि गाल आपोआप फुगतात.